पहिला घाणा

रविवारी सकाळी दहा वाजता, वीस-पंचवीस आईबापांच्या देखत, भूपतने पोराच्या मुस्कटात अशी ठेवून दिली की वजनकाट्याचा स्थिरावलेला आकडा पुन्हा नाचायला लागला. पोर अजून काट्यावरच उभं होतं.

"चारशे ग्रॅम वाढलं!" भूपत ओरडला. "दीड महिना! दीड महिना तुझ्या पाठी रक्ताचं पाणी करतोय आणि तू वाढतोस? लाज आहे का रे डुकरा?"

मौलिक रडला नाही. अकरा वर्षांचं पोर, एकाहत्तर किलो वजन, गालावर बापाची बोटं उठलेली, आणि ते आपलं काट्यावर तसंच उभं. उतरू का, असं त्याने आईकडे बघून नजरेनेच विचारलं. नीरू शेवटच्या रांगेत बसली होती. तिने मानेनेच हो म्हटलं आणि लगेच मान खाली घातली. मान खाली घालायची सवय तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून होती.

ट्रस्टच्या दवाखान्यात दर रविवारी हा वर्ग भरायचा. जाड मुलांचा वर्ग म्हणून बाहेर बोर्ड नव्हता, पण अख्ख्या भावनगरला तो त्याच नावाने ठाऊक. चालवायच्या पारुलबहेन, पन्नाशीच्या, काटकुळ्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्यांचा नियम एकच होता, आणि त्या एका नियमापायी निम्मे बाप पुन्हा तोंड दाखवत नसत. पोराच्या आधी आईबापाने काट्यावर चढायचं. पोराच्या ताटात जे, तेच आईबापाच्या ताटात.

"भूपतभाई," पारुलबहेन म्हणाल्या, "सहा रविवार झाले, तुम्ही काही ना काही सांगून टाळताय. आज चढा बघू."

"माझं काय बघायचं त्यात? आजारी पोरगा आहे."

"तुमच्या घरातला आहे ना? पोरं सांगितलेलं कमी ऐकतात, बघितलेलं लगेच उचलतात. तुमच्या ताटातलं उचलतात, तसं हातातलंही उचलतात. इथे पुन्हा हात उगारलात तर मी पोलिसांना फोन करीन. समोरच चौकी आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. भूपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे चार किलोचा गडी, मिठाई-फरसाणवाल्यांच्या कंदोई बाजारात त्याचं फरसाणाचं दुकान, त्याच्या एका हाकेवर चार हातगाड्या बाजूला होतात, आणि एक चष्मेवाली बाई त्याला फोनची धमकी देते! पण चौकी खरंच समोर होती. तो हसला. ते हसणं नीरूला चांगलं माहीत होतं. घरी गेल्यावर कुणाची तरी पाठ सोलली जाणार होती.

पाठ मौलिकचीच सोलली गेली. दुसऱ्या कुणाची सोलणार?

आता तुम्ही म्हणाल, काय हा बाप! पण भूपतला विचाराल तर तो छातीवर हात मारून सांगेल की त्याच्यासारखा बाप मिळायला भाग्य लागतं. आईबापाने लक्ष घालायचं, असं दवाखान्यात सांगितलं ना? मग त्याने घातलं, आणि स्वतःच्या पद्धतीने घातलं. रोज संध्याकाळी स्कूटर काढायची, पोराच्या कमरेला ओढणी बांधायची, दुसरं टोक मागच्या सीटच्या कडीला, आणि घोघा रोडवर दोन किलोमीटर पळवायचं. पोर पडलं की चार पावलं फरफटायचं, मग स्कूटर थांबायची. गुडघ्यांवरच्या खपल्या कधी सुकल्याच नाहीत. घरातल्या फडताळाला कुलूप. रात्री दोन फुलके, मोजून. तिसरा मागितला की कानाखाली. एकदा उशीच्या अभ्र्यात कोरडं बेसन सापडलं, पोरगं ते चिमटीचिमटीने चाटत होतं. त्या दिवशी भूपतने झाऱ्याच्या दांड्याने त्याला बडवलं. मधे पडायला आलेल्या बांना, म्हणजे स्वतःच्या जन्मदात्या आईला, असं ढकललं की त्यांचं मनगट मुरगळलं. "मरू दे ना मला!" असं पोर त्या दिवशी किंचाळलं होतं, आणि भूपतने "मर!" म्हणून आणखी दोन घातले.

डॉक्टरांनी नीरूला बाजूला घेऊन सांगितलं होतं. यकृतावर चरबी चढलीय, साखर उंबऱ्यात येऊन उभी आहे, झोपेत श्वास अडकतो. असंच चाललं तर विशीच्या आत पोरगं हाताबाहेर जाईल. पण खरी भीती तिला वेगळ्याच गोष्टीची वाटायला लागली होती. परवा केस पुसताना पोराने तिला सहज विचारलं, "मम्मी, मी मेलो तर पप्पा खूश होतील ना?" अगदी सहज, उद्या शाळेला सुट्टी आहे ना, असं विचारावं तसं. तेव्हापासून तिला घास जात नव्हता. आपलं पोर एक तर चरबीने मरणार, नाही तर बापाच्या हाताने, नाही तर स्वतःच्या. तीन वाटा, आणि ती कुठलीच अडवू शकत नव्हती.

आणि एवढं सगळं करून वजन वाढत होतं. दोन फुलके खाऊन, पळून, मार खाऊन वाढत होतं! नीरूला रात्र-रात्र हेच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी ते कळलं.

पारुलबहेननी वही मागितली. पोर दिवसभर जे खाईल ते आईबापाने लिहायचं, अशी ती वही. भूपतचं अक्षर सुरेख होतं. दोन फुलके, दुधीची भाजी, ताक, मूठभर मूग. पारुलबहेननी वही दोनदा चाळली, मिटली आणि सरळ पोरालाच समोर बसवलं.

"मौलिक, बेटा, डोळे उघडल्यापासून सांग. उठलास. मग तोंडात पहिल्यांदा काय गेलं?"

"दात घासायची पेस्ट."

सगळे हसले. पोरही हसलं, बऱ्याच दिवसांनी.

"मग?"

"मग पहिला घाणा."

"म्हणजे काय?"

भूपत मधेच बोलला. "तो आमचा प्रसाद आहे बहेन. त्याचा काही संबंध नाही."

नीरूने जे दहा वर्षं रोज डोळ्यांनी बघितलं होतं, ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

झालं होतं असं. मौलिक वर्षाचा झाला, त्या दिवशी त्याच्या आजोबांनी दुकानातल्या पहाटेच्या पहिल्या घाण्यातला एक गाठिया, म्हणजे बेसनाची जाड शेव, बोटाने कुस्करून नातवाच्या तोंडाला लावला. आणि काय योग! त्या दिवशी नऊच्या आत सगळा माल संपला. थोरल्यांनी जाहीर करून टाकलं, पोराच्या तोंडात लक्ष्मी आहे. तेव्हापासून दुकानाचा पहिला घाणा विकायचा नाही. कढईतून निघाला की थाळी भरायची. वर दोन जिलब्या, तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईच्या किसाचा संभारो, आणि ती थाळी पोराने दुकानाच्या ओट्यावर बसून, पहिल्या गिऱ्हाईकाच्या आधी संपवायची. उरवायची नाही, उरलं तर दिवस बुडतो. पोराला टायफॉइड झाला तेव्हाही ओठांना लावून थाळी परत नेली होती. एकदाच, पालिताण्याला मामाकडे दोन दिवस गेला होता, तर इकडे स्टोव्हचा भडका उडून दुकानापुढचा मंडप जळाला. मग तर बोलायलाच नको. आजोबा गेले, पण थाळी राहिली, आणि पोराबरोबर थाळीही मोठी होत गेली.

प्रसाद तो प्रसाद. खाण्यात कोण मोजतं? भूपतने खोटं लिहिलं नव्हतं हो! त्याच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. नीरूच्याही नाही.

"केवढी असते थाळी?" पारुलबहेननी विचारलं.

मौलिकने दोन्ही हातांनी दाखवली.

पारुलबहेन म्हणाल्या, "भूपतभाई, या पोराला दिवसभरात जेवढं लागतं तेवढं तुम्ही सूर्य उगवायच्या आत त्याच्या पोटात घालता. आणि मग संध्याकाळी त्यासाठी त्याला मारता."

"देवाचं नाव घेऊन देतो मी ते!"

"द्या की. देवाला द्या. पोराला देऊ नका."

भूपत उठला. एका हाताने पोराचं बखोट, दुसऱ्या हाताने नीरूचं मनगट धरलं आणि दोघांना जिन्यावरून ओढत खाली आणलं. रस्त्यावर आल्यावर नीरू म्हणाली, "त्या खरं बोलतात. बंद करा थाळी."

बारा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला "बंद करा" म्हणायची ही पहिलीच वेळ. भूपतने भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या समोर, तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. पदराला रक्त लागलं. "दुकान बुडवायला निघालीस? माझ्या बापाचं दुकान?" तो म्हणाला आणि वर पुन्हा एक दिली. रिक्षावाल्यांनी बिड्या पेटवल्या. एकही माईचा लाल पुढे आला नाही. खरं सांगते, नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये म्हणणाऱ्या असल्या पुरुषांच्या थोबाडीत एकदा ठेवून दिली पाहिजे.

संध्याकाळी न्हाणीघरात पोराची पाठ शेकताना नीरूने विचारलं, "उद्या थाळी खायची नाही. नको म्हणायचं. म्हणशील?"

"पप्पा मारतील."

"मी आहे ना."

पोराने तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं. मग म्हणालं, "मला खरं म्हणजे गाठिया आवडतच नाहीत मम्मी. वास आला की उलटी येते."

दहा वर्षं!

सोमवारी पहाटे दुकान उघडलं. भूपत कढईपाशी मांडी घालून बसला, पाटावर पिठाचा गोळा ठेवून तळहाताने रेटायला लागला, आणि लांब लांब गाठिया थेट तेलात पडायला लागले. त्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या बाजारात नव्हता, हे कबूल करायला हवं. समोर सातआठ गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी. सगळ्यांना रिवाज ठाऊक, आधी पोराची थाळी, मग आपला नंबर.

"चल मौलिया, तोंड चालव लवकर. लोक खोळंबलेत," भूपत म्हणाला आणि थाळी त्याच्यापुढे सरकवली.

मौलिक ओट्यावर बसला. थाळीतून वाफा येत होत्या. त्याने आईकडे बघितलं. नीरू मिरच्यांच्या परातीपाशी उभी होती.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"मला नको, पप्पा."

गिऱ्हाइकांत एक म्हातारे काका होते, त्यांना वाटलं पोर लाडात आलंय. "अरे खा रे दीकरा, तुझ्या जिवावर आमचा नाश्ता आहे!" असं म्हणून ते हसले. भूपत हसला नाही. त्याने पिठाचे हात पुसले, उठला, आणि पोराची मान धरली.

"कुणी शिकवलं हे?"

"नको पप्पा."

भूपतने डाव्या हाताने त्याचा जबडा धरला. अंगठा एका गालात, बोटं दुसऱ्या गालात, दाबली की तोंड आपोआप उघडतं, तसं. उजव्या हाताने कढईतून नुकत्या निघालेल्या गाठियांची मूठ उचलली. त्याच्या हातांना चटके बसत नव्हते, तीस वर्षं तेलापाशी काढलेले हात ते. पोराच्या तोंडात मात्र जीभ होती. पोर किंचाळलं, पण तोंड भरलेलं असल्यामुळे नाकातूनच आवाज आला. भूपतने दुसरी मूठ कोंबली. "गीळ! गीळ म्हणतो ना! बापाचं दुकान बुडवतोस?" पोराचे डोळे पांढरे व्हायला लागले. पाय ओट्यावर तडातडा आपटत होते. म्हातारे काका "भूपत, भूपत, सोड" म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

नीरूने तेलातला झारा उपसला.

तो किती तापलेला आहे, कुठे लागेल, काय होईल, यातलं काहीएक तिच्या मनात आलं नाही. तिने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जबडा धरलेल्या मनगटावर हाणला. भूपत गुरासारखा ओरडला. तिने पुन्हा हाणला, खांद्यावर. तिसरा कानशिलावर. झाऱ्यातलं तेल तिच्याच कोपरावर उडालं, ते तिला दुपारी कळलं. "सोड! सोड माझ्या पोराला! सोड रे राक्षसा!" ती किंचाळत होती, आणि पोर कधीचंच सुटलं होतं, ओट्याखाली ओणवं होऊन ओकत होतं, तरी ती मारतच होती. चौथा फटका चुकवायला भूपत मागे सरला. टाच पिठाच्या पाटावर पडली. पाट सरकला, आणि एकशे चार किलोचा देह तोल जाऊन कढईवर कोसळला. डावा हात कोपरापर्यंत तेलात गेला. उठायला म्हणून त्याने उजव्या हाताने कढईचीच कड धरली.

पुढचं मी सांगत नाही. तो आवाज बाजाराच्या टोकापर्यंत गेला होता.

सात-आठ गिऱ्हाइकांनी सगळं बघितलं होतं. पोलीस आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, पाय घसरला. म्हातारे काका तर शपथेवर म्हणाले. आणि खुद्द भूपतनेही तेच सांगितलं. बायकोने मारलं, हे सांगण्यापेक्षा त्याला हात गेलेले परवडले असते.

हात गेले नाहीत, पण महिना-दीड महिना तरी पट्ट्या राहणार होत्या. दोन्ही हातांची नुसती पांढरी गाठोडी झाली होती. नाकावरची माशी हाकलायलाही दुसऱ्याची गरज. दुकान बंद होतं. नीरू रोज दुपारी डबा घेऊन वॉर्डात जायची, शाळा सुटल्यावर मौलिक यायचा. भूपत दोघांशी चकार शब्द बोलत नसे. छताकडे बघत पडून राही.

मधल्या रविवारी ती वर्गाला गेली होती. आधी स्वतः काट्यावर चढली, मग पोराला चढवलं. एक किलो नऊशे उतरलं होतं. पारुलबहेननी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मौलिक हसला, पण जिभेवरचे फोड अजून भरले नव्हते, म्हणून हसताना त्याने तोंडावर हात धरला.

दहाव्या दिवशी नीरू वॉर्डात डबा ठेवून नळावर पेला धुवायला गेली. परत आली तर पलंगाशी मौलिक उभा होता. डबा उघडलेला. दुधीची भाजी, फुलके. तो बापाला भरवत होता.

"तोंड उघडा," तो म्हणाला.

भूपतने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग मान फिरवली. "पुरे."

"पुरे कसं? उरवायचं नाही. उरलं तर दिवस बुडतो."

"मौलिया, पुरे म्हटलं ना."

मौलिकने भूपतचा जबडा धरला. अंगठा एका गालात, बोटं दुसऱ्या गालात. दाबली. तोंड उघडलं. पोराने अख्खा फुलका चुरगळून आत कोंबला. "गिळा," तो हळू आवाजात म्हणाला. "गिळा म्हणतो ना." भूपतच्या हातांची पांढरी गाठोडी चादरीवर नुसती थडथडत होती. त्याने दारात उभ्या नीरूकडे बघितलं. त्या डोळ्यांत जे होतं ते तिने आधी फक्त पोराच्या डोळ्यांत बघितलं होतं.

आणि नीरूला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? छातीत गार पाणी सोडावं तसं बरं वाटलं. तिने आणखी एक घास जाऊ दिला. दारातच उभी राहिली आणि जाऊ दिला.

मग पोराने तिसरा फुलका उचलला, आणि त्याचा तो चेहरा तिला दिसला. भुवई वर गेलेली, खालचा ओठ दातात. हुबेहूब भूपत.

ती धावली. "मौलिक!" म्हणून तिने त्याचं मनगट धरलं.

पोर एकदम खाली बसलं आणि त्याने दोन्ही कोपर डोक्यावर घेतले. तिच्यापासून वाचायला.

"मी नाही मारणार रे," नीरू म्हणाली.

कोपरांच्या आतून पोर म्हणालं, "पप्पांना मारलंस की."

शेजारच्या पेशंटची बाई कान टवकारून बसली होती. नर्सही थांबली होती. दहा दिवस सगळा बाजार पाय घसरला म्हणत होता.

"हो," नीरू म्हणाली. "मी मारलं. तू सुटलास, तरी मारत राहिले. ते चुकलं माझं."

पलंगावर भूपतने तोंडातला घास कसाबसा गिळला. ठसका लागला त्याला. नीरूने पाणी पाजलं, हनुवटी पुसली. मग स्टूल ओढून बसली, आणि मौलिकला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. तिने फुलक्याचा लहानसा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि नवऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थांबली.

बराच वेळ गेला. तुकडा धरलेला हात दुखायला लागला, तरी तिने तो पुढे नेला नाही. मौलिक एकदा तिच्या हाताकडे बघत होता, एकदा बापाच्या तोंडाकडे.

भूपतने मान हलवली. "नको," तो म्हणाला. दहा दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

नीरूने तो तुकडा परत डब्यात ठेवला. डब्यात अजून दीड फुलका होता, अर्धी वाटी भाजी होती. तिने झाकण लावलं.

"नको म्हणाले ना ते," ती पोराला म्हणाली. "मग नको."